पहिला घोट वासराचा!



कपाशी बोंडअळीने गेली तर निदान पंचनाम्याची मागणी तरी होते. ज्वारी अवकाळी पावसाने काळी पडली तर तलाठी बांधावर येऊन जातो. पण गोठ्यात आठ दिवसांचे वासरू मान मागे टाकून, पाय झाडत मेले, तर कोणी फिरकत नाही. घरातली म्हातारी म्हणते, दृष्ट लागली. शेजारी म्हणतो, बाहेरचे काहीतरी असेल. साहेब म्हणतो, तुम्ही लोक अडाणी, उशीर केलात. तिघांची भाषा वेगळी, अर्थ एकच: जे व्हायचे ते झाले, आता विचारू नका. आम्ही म्हणतो, विचारलेच पाहिजे. कारण यातली पुष्कळ वासरे मरायची नव्हती.

ही बाधा भुताची नाही, जिवाणूंची आहे. ई. कोलाय, साल्मोनेला, स्ट्रेप्टोकॉकस असले जिवाणू शेणामुताच्या ओलीत असतात. नुकत्या जन्मलेल्या वासराच्या ओल्या नाळेतून किंवा तोंडावाटे ते रक्तात शिरतात. रक्तातून मेंदूवरच्या आवरणात जातात, डोळ्यांत जातात, सांध्यांत जातात. बहुतेक वेळा हे पहिल्या दोन आठवड्यांतच घडते. वासरू आधी सड धरायचे सोडते, अंग तापते, कोपऱ्यात मलूल पडून राहते. बेंबी सुजलेली असते, कधी गुडघे सुजतात. मग मान ताठते, डोके पाठीकडे ओढले जाते, हात लावला तरी दचकते, झटके येतात. काहींच्या डोळ्यात, आतल्या बाजूला तळाशी, पांढरट पिवळा पू साचतो आणि वासरू भिंतीवर धडकू लागते.

अशा वासराला आपल्याकडे डाग देतात, डोळ्यात मीठ-तंबाखूचे पाणी सोडतात. पू डोळ्याच्या आत आहे, तिथे मीठ पोचत नाही. जिवाणू मेंदूच्या आवरणात आहेत, तिथे तापलेली सळई पोचत नाही. मरणाऱ्या जिवाला आणखी एक यातना, एवढेच होते. कटू असले तरी स्पष्ट सांगतो: झटके सुरू झाल्यावर चांगल्या डॉक्टरच्या हातूनही बहुतेक वासरे वाचत नाहीत, आणि वाचलेले कधी कधी आंधळे राहते. म्हणून ही लढाई झटक्यांच्या दिवशी लढायची नाही. ती जन्माच्या तासाला लढायची आहे.

माणसाच्या बाळाला रोगाशी लढणारी प्रतिपिंडे आईच्या पोटातच रक्तातून मिळतात. गाईम्हशीच्या जारेतून ती पिलाकडे जात नाहीत. वासरू रित्या हाताने जन्माला येते. त्याची सगळी शिदोरी आईच्या चिकात असते. वासराच्या आतड्याचे दारही ही शिदोरी थोडाच वेळ आत घेते. पहिले सहा तास ते चांगले उघडे असते, मग मिटत जाते आणि साधारण २४ तासांत बंद होते. दुसऱ्या दिवशी बादलीभर चीक पाजला तरी पोट भरेल, पण रक्तात संरक्षण उतरणार नाही. वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका चीक पहिल्या बारा तासांत पोटात गेला पाहिजे. २० किलोच्या वासराला दोन लिटर, आणि त्यातला निम्मा पहिल्या दोन तासांत.

आता आपल्या गोठ्यातली रीत पाहा. जार पडल्याशिवाय चीक पाजायचा नाही! जार पडायला कधी बारा तास लागतात, कधी जास्त. म्हणजे दार उघडे असते तेव्हा वासरू उपाशी, आणि दार मिटल्यावर त्याला सडाला लावायचे. खरे तर वासरू ओढू लागले की गाईला पान्हा फुटतो आणि त्याच वेळी गर्भाशय आकुंचन पावते. म्हणजे पाजल्याने जार पडायला मदतच होते. चिकाने वासराला ढाळ होते, हीही एक तक्रार. पोटातली पहिली काळी घाण बाहेर पडते ती चांगलीच गोष्ट आहे. आणि खरवस? खुशाल खा, पण वासराचे पोट भरून उरेल त्याचा.

हे वाचून साहेब लोक खूश होतील. म्हणतील, पाहा, दोष शेतकऱ्याचाच! थांबा. रेतनाला जो माणूस घरी आला, त्याने चिकाचे तास कधी सांगितले होते का? लिटरचा हिशेब सगळ्यांना हवा, वासराचा कोणाला नको. पशुगणना जिवंत जनावरे मोजते. दहाव्या दिवशी मेलेल्या वासराला तिच्यात रकाना नाही. राष्ट्रीय कृषी आयोगाने १९७६ साली ५,००० जनावरांमागे एक पशुवैद्यक असावा अशी शिफारस केली. आपल्या तालुक्यात किती जनावरांमागे किती डॉक्टर आहेत, हा आकडा मेळाव्यात जाहीर मागा.

२०१५ पासून या राज्यात बैल कापायला बंदी आहे. जनावराच्या शेवटच्या दिवसाची काळजी सरकारने कायद्यात लिहिली. त्याच्या पहिल्या सहा तासांची काळजी कुठे लिहिली आहे? २०२२ साली लंपी आला तेव्हा याच सरकारने मेलेल्या वासराला १६,००० रुपये मदत ठरवली. म्हणजे वासराला किंमत आहे हे सरकारला ठाऊक आहे. मग नाळ पिकून, मेंदूला पू होऊन मेलेले वासरू फुकटचे कसे? कोरडवाहू शेतकऱ्याचा गोऱ्हा मेला की तीन-चार वर्षांनी त्याला बाजारातून बैल आणावा लागतो, आणि तो बहुधा कर्जानेच. डवरा आणि वखर त्याच बैलावर चालतात.

जिल्हा मेळाव्यात आम्ही पुढील ठराव मांडत आहोत.

घरासाठी: गाय-म्हैस कोरड्या, झाडलेल्या जागी व्यावी. नाळ तुटताच ती आयोडीनच्या टिंक्चरमध्ये बुडवावी. शेण, राख, हळद काही लावू नये. जारेची वाट न पाहता दोन तासांत चीक पाजावा. वासरू ओढत नसेल तर पिळून बाटलीने द्यावा. गाभण जनावर शेवटचे दोन महिने आटवावे आणि नुसत्या वाळल्या कडब्यावर ठेवू नये. हिरवा चारा तुटला की अ जीवनसत्त्व कमी पडते, मग पू नसतानाही वासरू आंधळे किंवा दुबळे जन्मते.

गावासाठी: ज्याच्या घरी बर्फाचा कप्पा असेल त्याने निरोगी गाईचा उरलेला चीक गोठवून ठेवावा. आई मेली, आटली, तर तो कोमट पाण्यात धरून पातळ करून पाजावा. उकळू नये. उकळला की खरवस होतो, औषध राहत नाही.

सरकारसाठी: रेतनाची नोंद झाली की विण्याच्या वेळेला घरी भेट ठरलेली असावी आणि आयोडीनची बाटली आधी पोचावी. सड न धरणाऱ्या वासराची खबर १९६२ वर दिली तर गाडी त्याच दिवशी यावी. एक सुई टोचून परत न जाता पूर्ण दिवसांचे औषध मिळावे. पहिल्या महिन्यात मेलेल्या प्रत्येक वासराची कारणासह नोंद व्हावी.

गोठ्याचे काम बहुतेक घरांत मायबहिणींच्या हाताने होते. म्हणून हा कागद त्यांना वाचून दाखवा. नुसता खिशात घालून घरी नेऊ नका. पहिला ठराव मंजूर करायला मंत्र्याची सही लागत नाही, तो आजच गोठ्यात मंजूर करा. उरलेले सरकारकडून कसे मंजूर करून घ्यायचे, ते आपण मेळाव्यात बसून ठरवू.