एक कॉइल की दोन?

ग्वाल्हेरला शिकणारा माझा एक भाचा आहे. आपण सिगारेट ओढत नाही याचा त्याला अभिमान वाटतो, कारण तो व्हेप ओढतो. बॅटरीवर तापणारी तारेची कॉइल, तीत ओवलेला कापूस, कापसात मुरलेला निकोटिनचा गोडसर द्रव आणि त्यातून निघणारी वाफ, असे हे यंत्र. त्यातही त्याचा टँक स्वतः जुळवायचा आहे. म्हणजे तार आपण गुंडाळायची, कापूस आपण ओवायचा. सध्या त्याच्या मित्रमंडळात एकच वाद चालू आहे, टँकमध्ये एक कॉइल बसवावी की दोन. मी पडलो कला शाखेचा पदवीधर आणि सरकारी कचेरीतला कारकून. पण मामा म्हणून माझेही मत विचारले गेले. ते इथे जरा सविस्तर मांडतो.

आधी प्रश्नाला न्याय देऊ. शाळेत शिकलेला ओहमचा नियम आठवा. एक ओहम रोधाची कॉइल ३.७ व्होल्टच्या बॅटरीला जोडली की ३.७ अँपिअर प्रवाह वाहतो आणि सुमारे १४ वॅट शक्ती लागते. तशीच दुसरी कॉइल शेजारी समांतर जोडली की एकूण रोध अर्ध्यावर येतो, प्रवाह ७.४ अँपिअर होतो आणि शक्ती २७ वॅटच्या वर जाते. वाफ दाट निघते, पण द्रव जवळजवळ दुप्पट संपतो आणि बॅटरीही लवकर उतरते. शिवाय दोन्ही कॉइल अगदी सारख्या हव्यात. एकीचे वेढे कमी पडले तर ती जास्त तापते, तिच्यातला कापूस कोरडा पडून करपतो आणि त्या वाफेतून फॉर्माल्डिहाइडसारखी घातक द्रव्ये छातीत जातात. बॅटरीला पेलवत नाही इतका प्रवाह खेचला तर ती पेट घेऊ शकते. या हिशेबाने माझे मत एका कॉइलच्या बाजूने पडते.

पण एक गोष्ट त्या वादात कोणी काढतच नाही. द्रव तोच ठेवून एकीच्या जागी दोन कॉइल बसवल्या, तर प्रत्येक झुरक्याबरोबर अंगात जाणारे निकोटिनही वाढते. तारेची जात, वेढ्यांची संख्या, हवेचे भोक, सगळ्याची चर्चा होते, फक्त निकोटिनची होत नाही. उपकरणाचे कौतुक सुरू झाले की आत काय भरले आहे ते विसरायला होते. ही खोड चारशे वर्षांची आहे, आणि तिचा एक धागा भाच्याच्या ग्वाल्हेरजवळून जातो.

ग्वाल्हेरजवळ आंत्री येथे अबुल फजलची कबर आहे. १६०२ साली तो दख्खनेतून आग्र्याकडे परतत असताना शाहजादा सलीमच्या चिथावणीवरून ओरछाच्या वीरसिंह बुंदेल्याने त्याला ठार केले. अबुल फजलच्या पदरी असद बेग नावाचा माणूस होता. वाटेत सिरोंजला त्याला मागे ठेवले होते, म्हणून तो वाचला. पुढे अकबराने त्याला विजापूरला वकील म्हणून धाडले आणि तिथे त्याने प्रथम तंबाखू पाहिली. हे विजापूर म्हणजे त्याच आदिलशाहीची राजधानी, जिच्याकडून पोर्तुगीजांनी १५१० साली गोवे घेतले. तंबाखूचे पान पोर्तुगीजांच्या जहाजांतून आपल्या किनाऱ्याला लागले आणि शब्दही त्यांच्याकडूनच आला. तेव्हा वाचकहो, या कथेत आपणा गोवेकरांना अगदीच नामानिराळे राहता येणार नाही.

असद बेगने अकबरापुढे नुसती पाने ठेवली नाहीत. अचीनहून आलेली तीन हात लांब नळी, तिच्या दोन्ही टोकांना रत्ने आणि मीनाकारी, तोंडाशी येमेनी अकीक, सोन्याची चिलीम आणि हे सारे चांदीच्या तबकात! हे वर्णन त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. हकिमाने हरकत घेतली, तरी असद बेगचे मन राखण्यासाठी बादशहाने दोन-तीन झुरके घेतले. स्वतः अकबराला ती सवय लागली नाही. पण सरदारांना लागली आणि व्यापाऱ्यांनी विक्री सुरू केली. हकिमाचे म्हणणे मागे पडले ते त्या तबकाच्या झगमगाटात, असे मला वाटते. पुढे सलीम जहांगीर झाला आणि १६१७ साली त्याने तंबाखूवर बंदी घातली. ती किती पाळली गेली हे गुडगुडीचा इतिहासच सांगतो.

आपल्याकडे १८ सप्टेंबर २०१९ ला वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी कायदा झाला. ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, जाहिरात सगळे बंद. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बंदी असावी याच मताचा मी आहे. कोवळ्या वयात निकोटिनची गोडी लावणारी वस्तू दुकानात मांडून ठेवू नये. पण विडी-सिगारेट कोपऱ्यावरच्या गाड्यावर राजरोस मिळते आणि व्हेप चोरवाटेने येते, तेव्हा मुलांना हा कायदा ढोंगी वाटतो. आपल्या गोव्याने तर १९९७ सालीच धूम्रपान आणि थुंकण्याविरुद्ध कायदा केला होता. सार्वजनिक जागेतला धूर त्याने कमी झाला असेल, पण सवय सुटायला घरातले मोकळे बोलणे लागते.

म्हणून भाच्याला मी रागावलो नाही. तार गुंडाळण्यात त्याचे हात रमतात, त्यात वाईट काही नाही. तेच हात रेडिओ दुरुस्त करण्यात रमले असते तर आपण कौतुकच केले असते. त्याला एवढेच सांगितले की, कॉइल मोजण्याआधी बाटलीवर निकोटिन किती मिलिग्रॅम लिहिले आहे ते वाच, आणि यंत्राशिवाय दोन दिवस काढून बघ. जमले तर तो शौक. नाही जमले तर ते व्यसन, आणि मग एक की दोन हा वाद गैरलागू. घरोघरच्या मामा-काकांनी मुलांना हे समजुतीच्या सुरात सांगावे, कारण चोरट्या बाजारातला दुकानदार ते सांगणार नाही.