चौदाव्या वर्षीचा करार



या सदरात आपण एरवी ठेवी, नामनिर्देशन आणि मृत्युपत्रे यांविषयी बोलतो. या वेळी विषय बर्फावरच्या हॉकीचा आहे. धक्काबुक्की आणि हाणामारी यांमुळे हा खेळ आपल्यापैकी अनेकांना रुचणार नाही. मलाही तो फारसा रुचत नाही. परंतु एका तरुण बचावपटूची कारकीर्द वाचताना माझे लक्ष खेळाइतकेच त्याच्या कागदपत्रांकडे गेले.

बॉबी ऑर याचा जन्म १९४८ मध्ये कॅनडातील पॅरी साउंड या लहान गावी झाला. वडील स्फोटकांच्या कारखान्यात कामाला होते. १९६१ मध्ये एका स्पर्धेत बोस्टन ब्रुइन्स या व्यावसायिक संघाची माणसे दुसऱ्याच मुलांना पाहण्यास आली आणि त्यांची नजर या किरकोळ अंगाच्या मुलावर खिळली. पुढच्याच वर्षी, चौदाव्या वर्षी, त्याच्याशी करार झाला. मोबदल्यात थोडी रक्कम आणि घराच्या बाह्य भिंतींना नवा गिलावा. एवढ्यावर त्या संघाने मुलाच्या भावी व्यावसायिक खेळावरचा हक्क मिळविला!

तथापि, आई सावध होती. एवढ्या लहान वयात मुलाने घर सोडावे हे तिला मान्य नव्हते. म्हणून पहिल्या हंगामात तो गावीच राहून शाळेत जाई आणि केवळ सामन्यांसाठी ओशावा येथे सुमारे तीन तासांचा मोटारप्रवास करी. संघाच्या सरावालाही तो नसे. समोर अठरा-वीस वर्षांचे तरुण असत.

मोठ्या कराराची वेळ आली तेव्हा कुटुंबाने ॲलन ईगलसन या टोरांटोच्या वकिलाचे साहाय्य घेतले. तो प्रांतिक विधिमंडळाचा सदस्यही होता. विश्वास ठेवण्यास याहून अधिक काय हवे? १९६६ मध्ये त्याने नवोदित खेळाडूला तोवर कधीच न मिळालेले वेतन ऑरला मिळवून दिले. हे श्रेय त्याला दिलेच पाहिजे.

मैदानावर तर या मुलाने बचावपटूची व्याख्याच बदलली. बचावपटूने मागे थांबावे, हा तेव्हाचा रिवाज होता. ऑर चकती घेऊन थेट प्रतिस्पर्ध्याच्या जाळीपर्यंत धडके आणि वेगाच्या बळावर वेळेत परतही येई. पहिल्या हंगामात ६१ सामन्यांत १३ गोल व २८ गोलसाहाय्ये त्याच्या नावावर लागली आणि सर्वोत्तम नवोदिताचा सन्मान मिळाला. त्याच हंगामात डावा गुडघाही दुखावला. पुढे त्यावर वारंवार शस्त्रक्रिया झाल्या. उत्पन्नाची वर्षे मोजकीच असणार, हे जाणत्याने तेव्हाच ओळखायला हवे होते.

येथे मला बँकेतील अनुभव आठवतो. दहा हजारांच्या कर्जाचा अर्ज चारदा वाचणारे गृहस्थ मोठ्या व्यवहारात ‘साहेब, कुठे सही करू?’ एवढेच विचारीत. ऑरच्या घरीही लहान कराराला आईची अट होती. उत्पन्न वाढल्यावर मात्र सर्व व्यवहार एकाच माणसाच्या हाती गेले. ऑर त्याला थोरल्या भावासारखा मानी.

१९७६ मध्ये ब्रुइन्सने ऑरला संघात सुमारे साडेअठरा टक्के भागीदारी देऊ केली होती. ईगलसनने ती गोष्ट त्याच्यापर्यंत पोहोचू दिली नाही आणि ऑर शिकागोला गेला. गुडघा साथ देत नव्हता. तेथे तो जेमतेम २६ सामने खेळला. १९७८ मध्ये, तिसाव्या वर्षी, निवृत्त झाला तेव्हा आपण श्रीमंत आहोत अशी त्याची समजूत होती. हिशेब मांडला असता मालमत्तेपेक्षा देणेच अधिक निघाले.

खेळाडूंच्या संघटनेचा प्रमुख असताना केलेल्या अफरातफरीची कबुली देऊन ईगलसन १९९८ मध्ये तुरुंगात गेला. ऑरने हळूहळू आपली घडी पुन्हा बसविली आणि कालांतराने तो स्वतःच तरुण खेळाडूंच्या वतीने करार करू लागला.