रंग खरवडण्याआधी

कृष्णधवल म्हणा की कप्पु-बिळुपु, जुन्या फोटोंची ओढ दोन्ही भाषांत सारखीच. डिजिटल कॅमेऱ्याचा सेन्सर घरीच खरवडून तो कायमचा कृष्णधवल करण्याचा नाद काही हौशी मंडळींना आहे. माझ्या भाच्यालाही तो लागला.

'मामा, सेन्सर मुळात रंगांधळाच असतो,' हे त्याचे म्हणणे खरे आहे. कोडॅकचे ब्राइस बायर यांच्या युक्तीला १९७६ मध्ये पेटंट मिळाले. सेन्सरच्या ठिपक्यांवर निम्मे हिरवे, पाव लाल आणि पाव निळे गाळणे बसवायचे. प्रत्येक ठिपका एकच रंग मोजतो; उरलेले दोन शेजारच्या ठिपक्यांवरून काढले जातात. हा थर काढला की शेजाऱ्यांना विचारावे लागत नाही, फोटोत बारकावे वाढतात.

पण प्रकाश गोळा करणारी सूक्ष्म भिंगेही त्याबरोबर जातात. कडेच्या केसाहून बारीक तारा तुटल्या की कॅमेरा संपला. फ्लॅशचा कपॅसिटर तर सेल काढल्यावरही जबर झटका देऊ शकतो.

भाच्याने मागितला तो ताईचा चालू कॅमेरा. मी नको म्हटले. हौस असेल तर अडगळीतला जुना कॅमेरा घ्यावा. रंगीत फोटो संगणकावर केव्हाही कृष्णधवल करता येतो. पण आजीच्या इरकलीचा काठ कोणत्या रंगाचा होता, असे उद्या नातीने विचारले, तर राखाडी फोटो काय सांगणार?