चाललं, पण किती दिवस?

शनिवारची सकाळ. कसाऱ्याहून खोडाळ्याच्या रस्त्याला लागलेली जीप, मांडीवर सॅक आणि सॅकमध्ये आठ यूएसबी वायफाय डोंगल. कुणी विचारलं असतं, "काय, कुठे निघालात?" तर खरं उत्तर होतं : स्वतःचीच हुशारी निस्तरायला.

त्याचं असं झालं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि आमच्यासारख्या ऑफिसांतून जुने लॅपटॉप बाहेर पडायला लागले. त्यातले आठ आम्ही मित्रांनी मागून घेतले, त्यांवर लिनक्स टाकलं आणि दिवाळीनंतर मोखाडा तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत नेऊन दिले. सोबत एक छोटा सर्व्हर : धडे, व्हिडिओ, विकिपीडियाची प्रत. बाहेरचं इंटरनेट नसलं तरी वर्गातल्या राउटरवरून लॅपटॉप सर्व्हरला जोडायचे आणि मुलांनी शिकायचं. म्हणजे त्या खोलीत वायफाय ही चैन नव्हती, तोच फळा होता.

आणि नेमकं वायफायच चालेना. मुंबईत आम्ही एकच लॅपटॉप तपासला होता. बाकीचे बाहेरून अगदी तसेच, पण आतलं कार्ड वेगळ्या चिपचं. (हो, आठही तपासायला हवे होते. माहीत आहे.)

'एलएसपीसीआय' ही आज्ञा दिली, चिपचा नंबर काढला. कर्नलमध्ये त्या चिपचा ड्रायव्हर नाही. कुणा भल्या माणसाने सोर्स कोड ठेवलेला होता, तो उतरवून कंपाइल केला की काम होईल. पण उतरवणार कसा? इंटरनेटला जोडायचं कार्ड चालू करायला आधी इंटरनेट हवं. लॅपटॉप नवीन फॅशनचे, सडपातळ, त्यांना लॅनचं भोकच नाही. शेवटी फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग केलं. लिनक्सला तो फोन साधं वायरचं नेटवर्क कार्ड वाटतो, कुठलाही वेगळा ड्रायव्हर लागत नाही. हे लक्षात ठेवा, कधीतरी जीव वाचवेल. रेंज फक्त व्हरांड्याच्या टोकाला. तिथे उकिडवा बसून कंपायलर, कर्नलचे हेडर, सोर्स असं सगळं उतरवलं आणि पेन ड्राइव्हवरून बाकीच्या सात मशीनवर नेलं. अंधार पडता पडता कोपऱ्यात वायफायचं चिन्ह उमटलं आणि मागे उभ्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला बोलू, पहिल्या नोकरीच्या ऑफर लेटरलाही इतका भाव खाल्ला नव्हता :)

दोन महिन्यांनी गुरुजींचा फोन. "सर, ते वायफायचं चिन्हच गेलंय. आम्ही काही केलं नाही हो."

त्यांनी खरंच काही केलं नव्हतं. एक दिवस त्यांनी आपल्या फोनचं इंटरनेट केबलने लॅपटॉपना दिलं, प्रत्येकाने शहाण्यासारखे अपडेट घेतले, नवा कर्नल आला. माझा ड्रायव्हर कर्नलबाहेरचा. प्रत्येक नव्या कर्नलसाठी तो पुन्हा कंपाइल व्हावा म्हणून मी डीकेएमएस लावून ठेवलं होतं, पण नव्या कर्नलमधली आतली फंक्शन्स बदललेली, आणि जुना सोर्स त्यावर कंपाइलच होईना. फोनवर तीनदा लाइन तुटत गुरुजींना सांगितलं : सुरू करताना शिफ्ट दाबून धरा, मेन्यूमधून जुना कर्नल निवडा. दोन लॅपटॉप चालले. बाकीच्यांना तो मेन्यू काही दिसला नाही. गुरुजींच्या आवाजात जी अपराधी भावना होती ना, ती माझ्या आवाजात असायला हवी होती.

इथे आमच्यातले बरेच जण कर्नल बनवणाऱ्यांना शिव्या घालतात : आतला इंटरफेस स्थिर का ठेवत नाहीत? माझं मत उलटं झालंय. ब्रॉडकॉमच्या चिपांची गोष्ट आठवा. कंपनी माहिती देत नव्हती, तेव्हा काही स्वयंसेवकांनी कंपनीचा ड्रायव्हर उलगडून त्याचं नुसतं वर्णन लिहिलं आणि दुसऱ्यांनी फक्त त्या वर्णनावरून नवा ड्रायव्हर लिहिला, म्हणजे नकलेचा आरोप नको. जून २००६ मध्ये तो २.६.१७ या कर्नलमध्ये आला, २००८ मध्ये त्याची जागा बी४३ ने घेतली, आणि बी४३ आजही कर्नलमध्ये आहे. कारण तो घरात आहे. आतलं फंक्शन जो बदलतो, त्यालाच घरातले सगळे ड्रायव्हर दुरुस्त करावे लागतात. माझा ड्रायव्हर ओसरीवर झोपलेला पाहुणा, घर बदललं तेव्हा त्याला कुणी उठवलंच नाही.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच आहे की 'चाललं' हा शब्द आपण फार लवकर वापरतो. माझ्या टेबलावर कंपाइल केलेला ड्रायव्हर मोडला तर मला रविवारचा उद्योग मिळतो. मोखाड्यात तो मोडला तर वर्ग बंद. जो दुरुस्त करू शकत नाही, त्याच्या मशीनवर कर्नलबाहेरचा ड्रायव्हर टाकू नये. तिथे हिरोगिरी न करता सरळ कार्ड बदलावं.

म्हणूनच डेबियनच्या लोकांनी २०२२ मध्ये मतदान करून बंदिस्त फर्मवेअरही इन्स्टॉलरमध्ये द्यायचं ठरवलं, ते मला पटतं. तत्त्वाला थोडी मुरड पडली, पडू दे. "फर्मवेअर दुसरीकडून आणा" हे वाक्य ज्याच्याकडे दुसरीकडचं इंटरनेट आहे त्यालाच सांगता येतं.

मी आणलेले डोंगल एआर९२७१ या ॲथेरॉस चिपचे. वेग बेताचा, पण ड्रायव्हर कर्नलमध्ये आणि फर्मवेअरचा सोर्सही २०१३ पासून खुला. फक्त नाव बघून घेऊ नका. टीपी-लिंकच्या टीएल-डब्ल्यूएन७२२एन मध्ये पहिल्या आवृत्तीत हीच चिप होती, दुसऱ्या आवृत्तीपासून रिअलटेकची. जव्हारच्या बाजारात चौकशी केली होती; फोनचं कव्हर हवं ते मिळेल, हा डोंगल नाही. म्हणून मुंबईहून आठही आणले, घरी एकेक लावून पाहिले, मग सॅकमध्ये भरले.

शाळेत पोचल्यावर काम वीस मिनिटांत झालं. यावेळी टाळ्या वगैरे काही नाही. गुरुजींनी विचारलं, "आता अपडेट घेतलं तर चालेल ना?" त्यांच्यासमोरच फोन जोडून आठही लॅपटॉपवर अपडेट घेतले, रीस्टार्ट केले, आणि मगच चहा घेतला.