गावठाणातील राहत्या घरांच्या वाढीव बांधकामाबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी,
सातारा.

विषय : महाबळेश्वर-पाचगणी पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रातील स्थानिकांच्या राहत्या घरांना वाढीव बांधकामाची सुलभ व कालबद्ध परवानगी मिळणेबाबत.

महोदय,

केंद्र सरकारने 17 जानेवारी 2001 रोजी पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, 1986 अन्वये महाबळेश्वर तालुका व जावळी तालुक्यातील पाच गावे संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित केली. या संरक्षणाला आमचा मनापासून पाठिंबा आहे. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या नद्यांच्या उगमाचा हा डोंगरमाथा उघडा पडला, तर पहिला फटका आमच्याच झऱ्यांना आणि स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांना बसेल. त्यामुळे निर्बंध उठवा, असे आमचे म्हणणे नाही. पिढ्यान्‌पिढ्या इथे राहणाऱ्या कुटुंबाची एक वाढीव खोली आणि विक्रीसाठी उभी राहणारी इमारत यांना एकच मोजमाप लावू नये, एवढेच म्हणणे आहे.

हा भेद मूळ अधिसूचनेतच आहे. हरित वापराच्या जमिनी अन्य वापरासाठी देण्यास मनाई करताना स्थानिक रहिवाशांच्या आणि त्यांच्या नैसर्गिक वाढीच्या निवासी गरजेसाठी शेतजमिनीच्या मर्यादित रूपांतराची वाट तिने मोकळी ठेवली. शेतजमिनीबाबत जर एवढा विचार झाला आहे, तर गावठाणात आधीच उभ्या असलेल्या घराला जोडून होणारे बांधकाम हा त्याहून सौम्य मार्ग आहे : त्यात झाड पडत नाही, नवा रस्ता लागत नाही. दुसरीकडे, राज्याच्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीतून (2020) संवेदनशील क्षेत्रे वगळलेली असल्याने तिच्यातील लहान घरांसाठीची सोपी परवानगी-पद्धत येथे लागू होत नाही. परिणामी मुलाचे लग्न झाले की पडवी पत्र्याने बंद करून खोली केली जाते. पावसाळ्याआधी त्या पत्र्याला प्लास्टिक बांधावे लागते आणि जुलैच्या झडीत जमिनीला ओल येते. जांभ्याचा पक्का चौथरा आणि नीट बांधलेली भिंत ही इथे चैन नाही, गरज आहे.

या सवलतीआडून लॉज आणि दुसरी घरे उभी राहतील, ही शंका रास्त आहे. त्यावर उपाय सवलत नाकारणे हा नाही, तर तिला पक्क्या अटी घालणे हा आहे. 2001 पूर्वीपासूनचे वास्तव्य, ग्रामपंचायतीचा मिळकत उतारा आणि ठराविक वर्षे विक्री वा व्यावसायिक वापर न करण्याची नोंदणीकृत हमी घेतली, तर बाहेरच्या गुंतवणूकदाराला यात शिरकाव नाही. छोट्या छोट्या परवानग्यांचा एकत्रित भार डोंगराला पेलवणार नाही, हा दुसरा आक्षेप. तोही आम्हाला मान्य आहे. म्हणूनच प्रत्येक गावाची मर्यादा आधी ठरावी. शिवाय परवानगीची वाट दिसत नसेल, तर गरजवंत विनापरवाना बांधतो आणि मग ना डोंगरउताराची तपासणी होते, ना सांडपाण्याची सोय. जुलै 2021 मध्ये पाटण तालुक्यातील आंबेघर व मिरगाव येथे दरडींखाली माणसे गेली. उताराची तपासणी किती मोलाची आहे, हे त्या दुर्घटनांनी दाखवून दिले. ती तपासणी परवानगीच्या मार्गानेच घराघरापर्यंत पोहोचू शकते.

सबब आमच्या मागण्या :

1. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 122 मधील अधिकारानुसार गावठाणांची मोजणी करून वाढत्या कुटुंबांचा विचार करत हद्दी निश्चित कराव्यात.

2. स्थानिकांच्या राहत्या घरासाठी वाढीव क्षेत्राची कमाल मर्यादा ठरवून स्वतंत्र अर्जपद्धती लागू करावी व निर्णय 60 दिवसांत लेखी कारणांसह द्यावा.

3. तीव्र उतार, झरे आणि वनहद्दीलगत परवानगी देऊ नये. इतरत्र जागेची पाहणी शासकीय खर्चाने व्हावी.

4. दिलेल्या परवानग्यांची गाववार यादी ग्रामपंचायतीत लावावी आणि अटी मोडणाऱ्याची परवानगी रद्द करावी.

5. यासाठी शासनाच्या किंवा संवेदनशील क्षेत्राच्या सनियंत्रण समितीच्या मान्यतेची गरज असल्यास आपल्या शिफारशीसह प्रस्ताव पाठवावा.

जंगलाची राखण गावात माणूस टिकला तरच होते. तो टिकण्यासाठी त्याला कायदेशीर छप्पर हवे. याबाबत आपल्या दालनात ग्रामस्थ प्रतिनिधी, नगररचना व वन विभाग यांची संयुक्त बैठक लवकरात लवकर बोलवावी, ही विनंती.

आपले विश्वासू,
महाबळेश्वर तालुक्यातील ग्रामस्थ