फ्रेंचची शिडी आणि आपले गुणांकन

मुंबई-पुण्याच्या मध्यमवर्गीय घरांत आठवीच्या उंबरठ्यावर एक चर्चा ठरलेली असते : संस्कृत घ्यायचे की फ्रेंच? निकष बहुधा एकच, गुण कशात जास्त पडतील! दोन्ही भाषांचा याहून मोठा अवमान शोधून सापडायचा नाही. शालान्त परीक्षेत फ्रेंचमध्ये नव्वदीपार गेलेला विद्यार्थी एखाद्या फ्रेंच माणसाला धड पत्ता विचारू शकेलच असे नाही. संस्कृतमध्ये शंभरी गाठणाऱ्याची गतही फारशी निराळी नसते.

म्हणूनच शालेय विद्यार्थ्यांसाठीच्या ‘डेल्फ’ परीक्षेकडे जरा बारकाईने पाहावे. फ्रान्सच्या शिक्षण मंत्रालयाचे हे प्रमाणपत्र १९८५ मध्ये सुरू झाले. भारतात ही परीक्षा आलियाँस फ्रान्सेजच्या केंद्रांमार्फत होते. ए-१ पासून बी-२ पर्यंत चार पायऱ्या. मुलांसाठी काठिण्य तेच, विषय मात्र त्यांच्या वयाचे. ऐकणे, वाचणे, लिहिणे आणि बोलणे यांना प्रत्येकी २५ गुण. १०० पैकी ५० मिळाले की उत्तीर्ण. पण एखाद्या भागात ५ हून कमी पडले, तर उरलेल्या तिन्हींतला पराक्रम व्यर्थ. पहिल्या पायरीवरच मुलाला परीक्षकासमोर बसून पाच-सात मिनिटे बोलावे लागते. ओळख करून द्यायची, प्रश्न विचारायचे, दुकानात वस्तू घेण्याचा प्रसंग वठवायचा. तेथे गाईड पाठ करून भागत नाही.

हे एका दिवसात घडलेले नाही. १५३९ च्या राजाज्ञेने फ्रान्सच्या न्यायालयीन कारभारातून लॅटिन हटवली, १६३५ मध्ये भाषेची अकादमी स्थापन झाली, १९९४ मध्ये फ्रेंचच्या वापरासाठी स्वतंत्र कायदा झाला. प्रशियाकडून झालेल्या पराभवाची जखम ओली असतानाच, १८८३ मध्ये, आलियाँस जन्मास आली. तिच्या मूळ नावात ‘वसाहतींत आणि परदेशांत’ भाषाप्रसार असे शब्द होते, हेही विसरू नये. पुदुच्चेरीने तो इतिहास भोगला आहे. तथापि हेतू साम्राज्याचा होता म्हणून चिकाटीचे मोल कमी होत नाही.

परभाषा शिकण्यास राष्ट्राभिमानी माणसाने नाके मुरडण्याचे कारण नाही. ८ जुलै १९१० रोजी मार्सेलिसच्या किनाऱ्यावर स्वातंत्र्यवीर सावरकरांनी फ्रेंच पोलिसाकडे आश्रय मागितला. परंतु त्या शिपायाला इंग्रजी कळेना आणि सावरकरांचे म्हणणे त्याच्यापर्यंत पोहोचेना, असे सांगितले जाते. त्याच फ्रान्सने १८१४ मध्ये पॅरिसच्या ‘कॉलेज द फ्रान्स’मध्ये संस्कृतचे अध्यासन निर्माण केले होते. गुणांच्या बेरजेसाठी नव्हे, ज्ञानासाठी!

आपल्याकडे परीक्षा नाहीत असे नाही. भारतीय विद्या भवनाच्या ‘बालबोध’ ते ‘कोविद’ परीक्षा आहेत, टिळक महाराष्ट्र विद्यापीठाच्या आहेत, संस्कृत भारतीने संभाषणाची चळवळ घराघरांत नेली आहे. पण डेल्फसाठी काही हजार रुपये हसत मोजणारा पालक ‘प्रवेश’ परीक्षेचे नाव काढताच “त्याचा पुढे उपयोग काय?” असे विचारतो. त्याला सर्वस्वी दोष देता येत नाही. फ्रेंच माध्यमातून पदवी घ्यायची तर विद्यापीठे सामान्यतः बी-२ मागतात, आणि २०३० पर्यंत ३० हजार भारतीय विद्यार्थी आणण्याचे उद्दिष्ट फ्रान्सने जाहीर केले आहे. आपल्या किती विद्यापीठांनी, किती प्राच्यविद्या संस्थांनी संस्कृतच्या अशा प्रमाणपत्राला दार उघडून दिले?

मराठीचे तर विचारूच नये. २०२० च्या कायद्याने ती राज्यातील सर्व शाळांत सक्तीची झाली, ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात दर्जाही मिळाला. आता इंग्रजी शाळेतल्या वा न्यू जर्सीतल्या मराठी मुलाला समोर बसवून पाच मिनिटे मराठीत बोलते करणारी, पायऱ्यापायऱ्यांची आणि शासनाची मोहोर असलेली परीक्षा राज्याच्या मराठी भाषा विभागाने हाती घ्यावी. नमुना शोधण्यासाठी फार दूर जावे लागणार नाही. शहरातल्या आलियाँसच्या केंद्रात तो पाहावयास मिळेल.