पद्मिनीचा गिअरबॉक्स: उघडल्याशिवाय आकडा सांगू नका

या आठवड्याच्या व्हिडिओत जुन्या गाड्यांच्या कामाचे पैसे कसे लावायचे यावर बोललो, पण गिअरबॉक्सचा विषय दोन मिनिटांत उरकावा लागला. खरं तर तो तसा उरकण्यासारखा नाही. छोट्या गॅरेजचा पैसा आणि जागा इतकी दुसऱ्या कुठल्याच कामात अडकत नाही, असं मी आतापर्यंत पाहिलंय. म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

गिऱ्हाईक येतं, वडिलांची प्रीमियर पद्मिनी घेऊन. गिअर टाकताना कडकड होते. पहिला प्रश्न ठरलेला: "रिपेअर होईल की बदलावा लागेल? आणि खर्च किती?" आणि आपले मेकॅनिक बंधू बोनेटवर हात ठेवून जागच्या जागी आकडा सांगून मोकळे होतात. बहुतेक वेळा "दादा, बदलूनच टाका" हे सोपं उत्तर असतं, कारण त्यात डोकं कमी लागतं. माझं मत वेगळं आहे. बॉक्स उघडल्याशिवाय दोन्हीपैकी काहीच सांगायचं नाही. आणि उघडायचे, तपासायचे पैसे वेगळे घ्यायचे.

आधी 'बदलणे' म्हणजे नक्की काय, ते बघू. चालू मॉडेलच्या गाडीला कंपनीचा नवा बॉक्स मागवता येतो. पद्मिनी कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची, ती बंद होऊन वीस-पंचवीस वर्षं झाली. अँबेसेडर 2014 मध्ये थांबली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली. टॅक्सी होत्या तोवर पार्ट फिरते होते आणि डोळे मिटून हा बॉक्स उघडणारे हातही होते. आता 'बदलायचा' म्हणजे नाना पेठेत किंवा चोर बाजारात फिरून दुसरा जुना बॉक्स आणायचा. तोही तितकाच म्हातारा. फरक एवढाच, की आपल्या बॉक्सचा आजार आपण बघू शकतो आणि त्याचा आजार घरी आणल्यावर कळतो.

गेल्या वर्षी एका गिऱ्हाइकाने स्वतःच बाहेरून एक बॉक्स आणला. 'चालू कंडिशन' म्हणून विकलेला. टेबलावर उघडला तर सेकंड गिअरचे दोन दात अर्धे उडालेले, आणि आवाज दबावा म्हणून आत घट्ट ग्रीस भरलेलं. त्यांच्या मूळ बॉक्समध्ये मात्र लेशाफ्टची बेअरिंगं गेली होती आणि एक सिंक्रो रिंग झिजली होती, बस्स. म्हणजे चांगला बॉक्स बाजूला ठेवून मेलेला विकत घेतला. आम्ही मूळचाच बनवला.

आता उघडायच्याही आधीची गोष्ट. निम्म्या तक्रारी बॉक्सच्या नसतातच. पद्मिनीला स्टिअरिंगजवळ हँड गिअर. दांड्यापासून बॉक्सपर्यंत जी लिंकेज जाते तिचे बुश झिजले की गिअर जड पडतो, अडकतो, दुसऱ्याच गिअरमध्ये जातो. क्लच पूर्ण सुटत नसेल तरी कडकड होते. आणि गंमत बघा, या गाडीच्या पहिल्या गिअरला सिंक्रो नाहीच. स्विफ्ट चालवणारा मुलगा गाडी सिग्नलला पुरती थांबायच्या आत पहिला टाकतो आणि मग म्हणतो बॉक्स गेला! त्याला फक्त शिकवायचं, गाडी पूर्ण थांबू दे मग टाक. या सल्ल्याचेही पैसे घ्या, लाजू नका. तपासणीच्या फीमध्ये तो येतोच.

तेलाचंही तसंच. हल्ली दुकानात गिअर ऑइल मागितलं की सर्रास जीएल-5 मिळतं. त्यातली काही रसायनं जुन्या पितळी सिंक्रो रिंगला मानवत नाहीत. गाडीच्या पुस्तकात काय लिहिलंय ते बघा. तेल बदलताना काढलेलं तेल पांढऱ्या ताटलीत ओता आणि लोहचुंबक फिरवा. चुंबकाला न चिकटणारी पिवळी चमक दिसली तर ते पितळ, म्हणजे रिंग झिजतायत. चुंबकाला बारीक काळा लेप नेहमीच येतो, पण कणी किंवा तुकडा आला तर दात किंवा बेअरिंग तुटतंय.

मग आवाज ऐका. गाडी न्यूट्रलला, इंजिन चालू, घरघर येतेय, आणि क्लच दाबला की बंद होतेय: इनपुट शाफ्टचं किंवा लेशाफ्टचं बेअरिंग. पहिल्या तीन गिअरमध्ये आवाज आणि चौथ्यात जवळपास शांत: संशय लेशाफ्टवर, कारण चौथ्यात ताकद सरळ पार जाते, लेशाफ्टवर लोड येत नाही. गिअर आपोआप सुटत असेल तर डिटेंटची स्प्रिंग-गोळी, फोर्क, दातांच्या कडा, आणि हो, इंजिनचे माउंटिंगसुद्धा.

एवढं झाल्यावर बॉक्स उतरवायचा. टेबलावर माझा नियम साधा आहे. बेअरिंग, सील, रिंग, स्प्रिंग, बुश गेलेत: दुरुस्तीच. बऱ्याच बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो, तो घेऊन चांगल्या बेअरिंगवाल्याकडे गेलं की जोड मिळते. त्याला पद्मिनीचं नावही सांगू नका, नाहीतर 'व्हिंटेज'चा भाव लावेल. लेशाफ्टचे गिअर एकाच तुकड्यात असतील आणि त्यातला एक दात तुटला असेल, तर हिशेब बदलतो. सगळा तुकडाच हवा, आणि त्याच्याशी घासत आलेला समोरचा गिअरही बघावा लागतो. केसिंगला चीर गेली असेल, किंवा बेअरिंगची बाहेरची रिंग केसिंगमध्ये फिरून भोक मोठं झालं असेल, तर आधी चांगल्या लेथवाल्याला विचारा स्लीव्ह बसेल का. तोही नाही म्हणाला तरच दुसरा बॉक्स शोधा, आणि तो फिटिंगला नाही, उघडून पार्ट काढायला विकत घ्यायचाय अशा भावात घ्या.

आता पैशाचं. समजा तुमच्या गॅरेजचा भाडं, पगार, लाइट धरून महिन्याचा खर्च 90,000 आणि रॅम्प तीन. महिन्याचे 25 दिवस धरले तर एका रॅम्पचा एका दिवसाचा खर्च 1,200 रुपये. बॉक्स काढून गाडी रॅम्पवर 20 दिवस पार्टची वाट बघत उभी राहिली, तर 24,000 रुपये गेले. मजुरी तुम्ही 8,000 सांगितली होती! म्हणून बॉक्स काढला की गाडी ढकलून कोपऱ्यात. रॅम्प दुसऱ्या कामाला. आणि अंदाजपत्रक दोन टप्प्यांत: आधी काढणे-उघडणे-तपासणे ही ठरलेली फी, ती काम केलं नाही तरी परत मिळणार नाही. मग गिऱ्हाइकाला टेबलाशी बोलावून झिजलेला पार्ट त्याच्या हातात द्यायचा आणि दुसरा आकडा सांगायचा. हातात झिजलेली रिंग धरलेला माणूस भावासाठी कमी भांडतो, हा माझा अनुभव.

काही जण तिसरा रस्ता विचारतात, जुन्या अँबेसेडरला 1.8 इसुझूचा पाच गिअरचा बॉक्स बसवू का? हायवेला गाडी आरामात पळते, हे खरं. पण क्रॉसमेंबर, प्रोपेलर शाफ्टची लांबी, क्लच, स्पीडोमीटर, सगळं मागोमाग येतं, आणि बहुतेक वेळा इंजिनही. मग ते आरटीओच्या नोंदीचं काम होतं. शिवाय 2021 च्या केंद्राच्या नियमानुसार 50 वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते, ती गाडी मूळ रूपात असेल तर. नियमात चेसिस, बॉडी, इंजिन यांतल्या बदलांचा स्पष्ट उल्लेख आहे. आज 45 वर्षांची गाडी असलेल्या माणसाला हे आधी सांगणं आपलं काम आहे, नंतर "मला माहीत नव्हतं" चालत नाही. रोज वापरायची गाडी आणि मालकाची मनापासून इच्छा असेल तर करा, मी आडवा येत नाही. फक्त लेखी घ्या.

आणि काढलेला मूळ बॉक्स भंगारात घालायचा नाही. तेल लावून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, वर गाडीचा नंबर लिहून गिऱ्हाइकाच्या डिकीत ठेवायचा आणि बिलावर 'जुना गिअरबॉक्स परत दिला' असं लिहून सही घ्यायची. दोन टप्प्यांच्या अंदाजपत्रकाचा माझा नमुना व्हिडिओखाली ठेवलाय. त्यात फीचा रकाना कोरा आहे, आकडा तुमच्या रॅम्पच्या हिशेबाने भरा.